रेसिपी दुसऱ्याची, पातेलं आपलं: घरी बिअर करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत घरी बिअर करणाऱ्या आणि करू पाहणाऱ्या मराठी मंडळींकडून हे प्रश्न सतत येतात. मापं लिटर-ग्रॅममध्ये दिली आहेत. इथली नेहमीची ५ गॅलनची बॅच म्हणजे १९ लिटर, हे धरून चला.

घरी बिअर करायला कायद्याची आडकाठी नाही ना?

अमेरिकेत नाही. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरच्यापुरती बिअर करमुक्त झाली आणि फेब्रुवारी १९७९ पासून तो लागू झाला. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन. मात्र दारूबाबत शेवटचा शब्द राज्यांचा असतो. अलाबामा आणि मिसिसिपी या दोन राज्यांनी परवानगी दिली ती थेट २०१३ मध्ये. विक्री कुठेच चालत नाही. मित्राला बाटली भेट देणं, ती स्पर्धेला पाठवणं याचे नियम राज्यागणिक बदलतात, तेवढे बघून घ्या. दारू गाळणं हा पूर्ण वेगळा विषय आहे. बिअरच्या सवलतीत ते बसत नाही.

ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी पिण्यापुरत्या बिअरला परवाना लागत नाही. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि विनापरवाना मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. म्हणून सुट्टीत पुण्याला जाताना बॅगेत यीस्टची पाकिटं भरू नका. तिथे ताजी बिअर प्यायचीच असेल तर २००९ मध्ये डूलालीपासून सुरू झालेल्या मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर करणारी छोटी ठिकाणं, आहेत की.

घरच्या दारूने डोळे जातात म्हणतात. बिअरचंही तसंच का?

आईला फोनवर सांगितलं की पहिला प्रश्न हाच येतो. विषारी दारूच्या बातम्यांमागे बहुतेक वेळा मिसळलेलं मिथेनॉल असतं. बार्लीच्या आंबवणात ते नगण्य तयार होतं, आणि बिअर गाळत नसल्यामुळे ते एका जागी गोळाही होत नाही. बिअर बिघडली तर ती आंबट होते, कुबट लागते, फार तर फेकून द्यावी लागते. ब्रू-डेला, म्हणजे बिअर शिजवायच्या दिवशी, खरा धोका उकळत्या २५ लिटर पाण्याचा आणि गॅसच्या शेगडीचा असतो. चपला न घालता बंद बूट घाला. लहान मुलांना त्या दिवशी अंगणात येऊ देऊ नका. प्रोपेनची शेगडी गराजचं दार लावून तर अजिबात पेटवू नका.

मित्राची रेसिपी तंतोतंत केली, तरी बिअर वेगळीच झाली. असं का?

कारण मित्राने तुम्हाला सामानाची यादी दिली, त्याचं पातेलं दिलं नाही. माझ्या मते घरगुती ब्रूइंगमधल्या निम्म्या रुसव्याफुगव्यांचं मूळ इथे आहे.

समजा यादीत ४ किलो टू-रो पेल माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) आणि ३५० ग्रॅम क्रिस्टल ४० हे गोडसर, रंगदार माल्ट आहे. त्यातली सगळीच्या सगळी साखर निघाली तर १९ लिटरला साधारण १.०७० घनता येईल (साध्या पाण्याची १.०००, साखर जितकी जास्त तितका आकडा मोठा). तशी ती कोणाचीच निघत नाही. किती निघते त्या टक्केवारीला एफिशियन्सी म्हणतात. मित्राची ७२ टक्के असेल तर त्याची सुरुवातीची घनता, म्हणजे ओजी, १.०५० येईल. तुमची ६० टक्के असेल तर त्याच धान्यात तुमची १.०४२ येईल. हॉप्स (कडूपणा आणि वास देणारी फुलं) तुम्ही तेवढेच टाकलेत, म्हणजे कडूपणा जवळपास तोच राहिला, पण त्याला तोलणारा माल्टचा गोडवा घटला. मित्राची बिअर गोल लागते, तुमची टोचते, आणि दोघंही रेसिपीवर वाद घालत बसता.

एफिशियन्सी कुठे जाते? बऱ्याचदा भरडीत. दुकानात माल्ट जाडसर भरडलं असेल तर दाण्याच्या पोटातला स्टार्च पाण्यापर्यंत पोचतच नाही. आपल्या चक्कीवर करतात तसं बारीक पीठही चालत नाही, कारण टरफलं शाबूत नसतील तर गाळताना सगळं तुंबतं. पिशवीत मॅश करणाऱ्यांना, म्हणजे भरड पिशवीत घालून गरम पाण्यात साखर काढणाऱ्यांना, मात्र बरंच बारीक चालतं. त्याखालोखाल गडबड असते पाण्याच्या पीएचची (मॅशमध्ये ५.२ ते ५.६ हवा) आणि तापमानाची.

तापमानाचा हिशोब वेगळा समजून घ्या, कारण तो चवीत उतरतो. मॅशमध्ये ६२-६५ अंश सेल्सियसला बीटा अमायलेज हे स्टार्चची साखर करणारं एन्झाइम जोरात असतं. यीस्ट फस्त करू शकेल अशी साखर बनते आणि बिअर कोरडी होते. ६८-७० च्या पुढे अल्फा अमायलेज या दुसऱ्या एन्झाइमचं राज्य, तिथे न आंबणाऱ्या लांब साखळ्या जास्त उरतात आणि अंग भरल्यासारखी बिअर मिळते. तुमचा थर्मामीटर दोन अंश खोटं बोलत असेल तर तुम्ही मित्राची रेसिपी केलेलीच नाही. उकळत्या पाण्यात आणि बर्फाच्या पाण्यात बुडवून एकदा ताळा करा. डेन्व्हरला राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिथे पाणी सुमारे ९५ अंशालाच उकळतं. त्यामुळे हॉप्सचा कडूपणाही थोडा कमी उतरतो.

मग रेसिपी देताना नेमकं काय काय सांगायचं?

सामान तर सांगालच. त्याबरोबर बॅच किती लिटरची आणि ते लिटर कुठे मोजलेले, पातेल्यात की फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात. एफिशियन्सी किती धरली. मॅशचं तापमान. हॉप्सच्या पाकिटावरचा अल्फा ॲसिडचा, म्हणजे कडूपणाच्या ताकदीचा, आकडा. तासाभराच्या उकळीत तुमचं किती पाणी उडून जातं. यीस्ट किती अंशावर आंबवलं. ओजी आणि शेवटची घनता, ठरवलेली आणि प्रत्यक्ष आलेली, दोन्ही. धान्य किलोबरोबर टक्क्यांतही लिहिलंत तर समोरच्याला आपल्या पातेल्याप्रमाणे कमीजास्त करता येतं. ब्रूफादर किंवा बिअरस्मिथसारखं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ही सगळी बेरीज-वजाबाकी ते करतं, पण आत तुमच्या उपकरणांचे खरे आकडे भरलेले हवेत. आयत्या आकड्यांवर चालवलं तर तो अंदाजपंचे कारभार फक्त दोन दशांश स्थळांपर्यंत छापून मिळतो.

एखादी साधी, भरवशाची रेसिपी द्या ना.

ही अमेरिकन पेल एल. फर्मेंटरमध्ये १९ लिटर, एफिशियन्सी ७२ टक्के.

टू-रो पेल माल्ट ४ किलो (९२ टक्के), क्रिस्टल ४० माल्ट ३५० ग्रॅम (८ टक्के). मॅश ६७ अंशावर ६० मिनिटं. उकळी ६० मिनिटं.
कॅस्केड हॉप्स, अल्फा ६ टक्के: सुरुवातीला ४० ग्रॅम, शेवटची १० मिनिटं उरली असता २८ ग्रॅम, गॅस बंद करताना २८ ग्रॅम.
शेवटच्या १० मिनिटांत अर्धी व्हर्लफ्लॉकची गोळी (बिअर नितळ होण्यासाठी).
यीस्ट: सॅफएल यूएस-०५, साडेअकरा ग्रॅमचं एक पाकीट, १८-१९ अंशावर.

ओजी १.०५०, शेवटी १.०११ च्या आसपास. दोन्हींतला फरक गुणिले १३१, म्हणजे मद्याचं प्रमाण ५.१ टक्के. कडूपणा ३५ आयबीयूच्या (कडूपणाचं एकक) घरात.

यात नवल काही नाही, आणि तेच हिचं बलस्थान. कॅस्केड ही ओरेगॉनमधून १९७२ मध्ये बाहेर आलेली जात. कॅलिफोर्नियातल्या चिकोमध्ये घरगुती ब्रूइंगचं दुकान चालवणाऱ्या केन ग्रॉसमन यांनी पुढे सिएरा नेवाडा काढली आणि पेल एलमधून या हॉप्सचा संत्र्याच्या सालीसारखा वास देशभर पोचवला. यूएस-०५ हे यीस्टही त्याच चिको घराण्यातलं मानलं जातं. पहिल्या दोन-तीन बॅचना हीच करा. दर वेळी नवी रेसिपी धरणाऱ्याला आपलं पातेलं कधीच कळत नाही.

पाणी किती तापवायचं? दर वेळी कमी तरी पडतं नाही तर उरतं.

उलटीकडून मोजत या. फर्मेंटरमध्ये १९ हवं. पातेल्याच्या तळाशी हॉप्सचा गाळ धरून दीड लिटर सोडावं लागतं, झाले २०.५. थंड होताना वर्ट, म्हणजे धान्यातून निघालेलं गोड पाणी, साधारण ४ टक्के आकसतं, म्हणजे उकळी संपताना गरम २१.३ हवं. तासाला ३.५ लिटर वाफ जात असेल तर उकळीपूर्वी २५ लिटर. धान्य किलोमागे अंदाजे लिटरभर पाणी पिऊन बसतं, म्हणजे ४.३५ किलोला तेवढेच लिटर. एकूण २९ लिटर आणि वर थोडं.

पिशवीत मॅश करत असाल तर हे सगळं पाणी एकदमच घ्या. धान्य टाकल्यावर पातळी जवळजवळ तीन लिटरने वर येते, म्हणून पातेलं ३८ लिटरचं, म्हणजे १० गॅलनचं हवं. ३० लिटरच्यात हा प्रयोग करू नका. आधण ७० अंशाचं ठेवा, २० अंशाचं धान्य पडलं की ते ६७ वर येतं. जाड मॅश करणाऱ्यांनी, किलोला तीन लिटर पाणी घेणाऱ्यांनी, आधण ७३-७४ ला न्यावं. ज्यात मॅश करता तो कूलर (उष्णता धरून ठेवणारा डबा) थंड असेल तर अंशभर अजून.

वाफेचा ३.५ हा आकडा माझ्या शेगडीचा. तुमचा काढायला साधं पाणी तासभर उकळून बघा.

नळाच्या पाण्यात क्लोरामीन हे जंतुनाशक असेल तर बिअरला बँड-एडसारखा औषधी वास येतो. ते घालवायला कॅम्पडेनची एक गोळी ७५ लिटरला पुरते, म्हणजे एका बॅचला अर्धी खूप झाली.

ब्रू-डेचं वेळापत्रक कसं आखायचं?

आदल्या संध्याकाळपासून. सामान मोजून ठेवा, हॉप्स तीन वाट्यांत वेगळे करून वर वेळ लिहा, पाणी भरून त्यात कॅम्पडेन टाका, प्रोपेनची टाकी उचलून वजन बघा. उकळीच्या मध्यात टाकी संपली आणि दुकान दूर असलं की दिवस गेला. मग सकाळी:

८.०० गॅस पेटवा.
८.४० आधण ७० ला. धान्य हळूहळू सोडा, गुठळ्या मोडा, तापमान बघा, झाकण लावून पातेलं जुन्या रजईत गुंडाळा. गॅस बंद केलेला असावा, हे सांगायची वेळ येऊ नये.
९.४० पिशवी उचला, निथळू द्या. एक वाटी वर्ट थंड करून घनता मोजा. १.०४३ च्या जवळ यायला हवी.
१०.२० उकळी. फेस उतू येतो तो याच क्षणी, दुधासारखी पाठ फिरवू नका. तो बसला की पहिले हॉप्स आणि तिथून घड्याळ सुरू. झाकण ठेवायचं नाही. उकडलेल्या मक्यासारखा वास देणारं डायमिथाइल सल्फाइड वाफेबरोबर जायला हवं.
११.०५ तांब्याचा चिलर (आतून थंड पाणी फिरवायची नळी) वर्टमध्ये उतरवा, उकळीनेच तो निर्जंतुक होतो.
११.१० दुसरे हॉप्स, व्हर्लफ्लॉक.
११.२० गॅस बंद, तिसरे हॉप्स, पाणी सुरू.
१२.०० फर्मेंटरमध्ये ओता, उंचावरून, फेस होऊ द्या. ओजी मोजा. यीस्ट टाका. झाकण, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी झडप).
१.१५ पर्यंत धुणं-पुसणं.

जेवणाला पाहुणे बोलवायचे असतील तर दोनला बोलवा. अकराला आलेला पाहुणा दुसऱ्या हॉप्सची वेळ चुकवतो.

टेक्सास-ॲरिझोनात उन्हाळ्यात नळाचंच पाणी कोमट असतं, आणि चिलर नळाच्या पाण्याखाली वर्ट नेऊ शकत नाही. तिथे ३० अंशापर्यंत आणून, फर्मेंटर बंद करून, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि यीस्ट दुसऱ्या सकाळी टाका. काही बिघडत नाही.

ओजी चुकली तर दिवस वाया का?

नाही. कमी आली तर २० लिटरमागे पाच अंक (म्हणजे १.०४५ चे १.०५०) वाढवायला साधारण २७० ग्रॅम कोरडं माल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे माल्टच्या अर्काची पूड, उकळीत टाका. जास्त आली तर पाणी घाला: २० लिटर १.०५६ असेल तर २.४ लिटर पाण्याने १.०५० होतं. मोजताना नमुना थंड हवा. गरम वर्टमध्ये हायड्रोमीटर कमी आकडा दाखवतो आणि माणसं नसत्या दुरुस्त्या करत बसतात.

रेसिपीत लिहिलेले हॉप्स मिळाले नाहीत तर?

सुरुवातीला टाकायचे असतील तर फक्त कडूपणा जुळवा. त्यांचा वास तासाभरात उडून जातोच. ४० ग्रॅम ६ टक्केवाल्यांऐवजी १२ टक्क्यांचे मॅग्नम २० ग्रॅम. शेवटच्या हॉप्सना असा हिशोब नाही, तिथे वासच सगळं आहे. कॅस्केडच्या जागी सेंटेनियल किंवा अमरिलो चालेल. साझ टाकलंत तर बिअर वाईट होणार नाही, पण ती वेगळी बिअर असेल, आणि रेसिपी पुढे देताना तसं सांगा.

निर्जंतुकीकरणाचं इतकं स्तोम का?

उकळी संपेपर्यंत फार सोवळं पाळायची गरज नाही. वर्ट थंड झाल्यावर त्याला जे जे लागेल ते आधी धुतलेलं आणि मग स्टार सॅन या जंतुनाशकाच्या पाण्यातून काढलेलं हवं. लिटरला दीड मिलिलिटर, एखादं मिनिट ओलं राहू द्यायचं. फेस पुसायचा नाही, धुवायचा तर मुळीच नाही. मळकट नळीवर स्टार सॅन ओतून उपयोग शून्य. फर्मेंटरच्या तोटीचे सुटे भाग दर वेळी उघडून धुवा, घाण तिथे दडते.

यीस्ट टाकल्यावर काय बघायचं?

तापमान. आंबवताना आतली उष्णता खोलीपेक्षा दोन-चार अंशांनी चढते, म्हणून खोली २२ ला असेल तर बिअर २५ ला आंबतेय असं समजा. त्यातून फळकट, कधी झोंबणारी चव येते. पाण्याच्या टबात फर्मेंटर, त्यावर ओला टॉवेल, समोर पंखा: एवढ्यावर काम भागतं. ज्यांना तेही जमत नाही त्यांनी उन्हाळ्यात नॉर्वेचं व्हॉस क्वाइक हे यीस्ट वापरावं. ते ३५-४० अंशावर खुशीत काम करतं आणि संत्र्यासारखा वास देतं.

एअरलॉकचे बुडबुडे मोजत बसू नका. झाकण सैल असलं तरीही ते थांबतात.

बाटल्या कधी भरायच्या?

दोन-तीन दिवसांच्या अंतराने घनता दोनदा मोजा, आकडा हलला नाही की. रेसिपीत 'दोन आठवडे' लिहिलंय म्हणून नव्हे. आंबवण अर्धवट असताना भरलेली बाटली फुटते, आणि फुटलेल्या काचेपुढे घाईचं कुठलंही कारण तोकडं आहे. बाटलीत गॅस धरावा म्हणून १९ लिटरला ११० ग्रॅम साधी साखर किंवा १२० ग्रॅम मक्याची साखर थोड्या पाण्यात उकळून घ्या. बादलीत आधी हे पाणी, त्यावर सायफनने बिअर, तळचा साका मागे ठेवून. वीस-एकवीस अंशावर दोन आठवडे, मग फ्रीज. ३५५ मिलिलिटरच्या पन्नासेक बाटल्या होतात.

दुसऱ्याची रेसिपी थोडी बदलून आपली म्हणून सांगितली तर चालतं?

अमेरिकन कायद्यात नुसत्या सामानाच्या यादीला कॉपीराइट नसतो, लिहिलेल्या मजकुराला असतो. म्हणजे कोर्टात कोणी ओढणार नाही. पण कोणाची घेतली आणि काय बदललं हे सांगण्यात समोरच्याचा फायदा आहे. त्याला मूळ रेसिपी काढून बघता येते.

मोठी माणसंही यात हात आखडता घेत नाहीत. सप्टेंबर २०१२ मध्ये ओबामांच्या व्हाइट हाउसने आपल्या हनी एलची रेसिपी जाहीर केली: माल्ट एक्स्ट्रॅक्ट, केंट गोल्डिंग्ज आणि फगल हॉप्स, विंडसर यीस्ट आणि तिथल्याच पोळ्यांतला एक पौंड मध. ती एक्स्ट्रॅक्टची आहे हे महत्त्वाचं. एक्स्ट्रॅक्टमध्ये मॅश कारखान्यातच उरकलेला असतो, त्यामुळे एफिशियन्सीचा घोळ नाही आणि ओजी सगळ्यांची सारखी येते. नवख्याला पहिली रेसिपी द्यायची असेल तर अशीच द्या.

आमरस, कोकम, गूळ, धणे घालून बघू का?

धणे तर बेल्जियन विटबिअरचे, म्हणजे तिथल्या गव्हाच्या बिअरचे, हक्काचेच आहेत. इंडियन ग्रोसरीतले लांबट धणे लिंबाच्या वासाचे असतात, इथल्या सुपरमार्केटच्या गोल धण्यांपेक्षा मला ते जास्त आवडतात. १५ ग्रॅम ओबडधोबड कुटून शेवटच्या पाच मिनिटांत, संत्र्याच्या सालीबरोबर.

गूळ जवळजवळ सगळा आंबतो. गोडी राहत नाही. रंग, किंचित खमंगपणा आणि कोरडेपणा राहतो. एकूण साखरेच्या दहा टक्क्यांवर जाऊ नका.

हापूसच्या पल्पचा डबा जोरदार आंबवण ओसरल्यावर घाला. त्यात बहुधा साखर घातलेली असते, त्यामुळे आंबवण पुन्हा उसळतं. फर्मेंटरमध्ये वर जागा ठेवा आणि घनता पुन्हा स्थिर होईपर्यंत बाटल्यांना हात लावू नका. आमरसाची चव येईल ही आशा सोडा. गोडी गेल्यावर उरतो तो आंब्याचा वास आणि थोडा आंबटपणा.

कोकमाचं आगळ खारं असतं, म्हणून ते पेल एलमध्ये विचित्र लागतं. पण लाइपझिगकडच्या गोझे या आंबट गव्हाच्या बिअरमध्ये मीठ आणि धणे असतातच. तिथे आगळ चपखल बसतं. आंबवण संपल्यावर आधी एका ग्लासात चमच्याने प्रमाण ठरवा आणि मग बॅचमध्ये घाला.

चोथ्याचं काय करायचं?

त्याच दिवशी विल्हेवाट लावा, दुसऱ्या दिवशी नाक सांगेलच. कंपोस्टला उत्तम, कोणाकडे कोंबड्या असतील तर त्यांना चालतो. ओव्हनमध्ये वाळवून दळला तर थालीपिठाच्या भाजणीत मूठभर खपतो, त्याहून जास्त घातला तर टरफलं दाताखाली येतात. उकळीनंतरचा हॉप्सचा गाळ मात्र कुत्र्याच्या वाटेत टाकू नका. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात, ताप झपाट्याने चढतो आणि जीवही जाऊ शकतो. तो पिशवीत बांधून झाकणाच्या कचरापेटीत टाका, आणि कुत्र्याने खाल्लाच तर वाट न बघता पशुवैद्य गाठा.